नगरपरिषदेच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का? (कोकणातल्या लहान शहरांतल्यांनी लिहा)

पाखाडीकर | सोमवार, रात्री ९.४०

परवा भर दुपारी दोन मुलं दारात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. शहरातल्या सेवांबद्दल नागरिकांचा अभिप्राय घेतोय म्हणाली. मी आत जाऊन चष्मा शोधून येईपर्यंत त्यातल्या एकाने अर्धे प्रश्न उरकले होते. "काका, तुम्ही फक्त ओटीपी सांगा." सांगितला. मग विचारलं, काय दाबलंस रे? म्हणाला, "समाधानी. सगळे तेच सांगतात."

घंटागाडीपुरतं बोलायचं तर मी खरंच समाधानी आहे. रोज येते, साडेसातच्या आसपास येते. गाडीवरचा मुलगा नारळाच्या झावळ्या घेत नाही, पण ते त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, त्यामुळे माझी तक्रार नाही. झावळ्या मी न्हाणीच्या चुलीत घालतो.

पण तो दिवस आमच्या नळाला पाणी न येण्याचा तिसरा दिवस होता. पहिल्या दिवशी वाटलं, लाइट गेली असेल. दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोळीणबाय आली. बांगडे मोजता मोजता म्हणाली, "पुलाखाली पाइप फुटलाय नाय का, जेसीबी उभाय परवापासून." म्हणजे आमच्या शहरात पाणीपुरवठ्याची अधिकृत बातमी माशांच्या टोपलीतून येते. नंतर कळलं की नगरसेवकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच सकाळी निरोप पडला होता. मी त्या ग्रुपात नाही. शेजारचे आहेत, पण त्यांना वाटलं मला माहीत असणार.

आमच्या परड्यात विहीर आहे, त्यामुळे तीन दिवस कोरडे गेले नाहीत. तरी राग आला, आणि तो पाइप फुटल्याचा नव्हता. पाइप फुटतातच. म्हणून विचारतो: तुमच्याकडे कसं आहे? सेवा वाईट म्हणून चिडता, की कुणी काही सांगत नाही म्हणून?

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सगळी माणसं ओळखीची, उद्या बाजारात गाठ पडते.

सुरंगी | सोमवार, रात्री १०.०५

वरच्या आळीतून लिहितेय. आमच्याकडे पाणी "पहाटे" येतं. पहाट म्हणजे साडेतीन ते साडेसहा यातलं काहीही. सासूबाई नळाखाली कळशी उपडी घालून झोपतात, पाणी आलं की पत्र्यावर पडल्यासारखा आवाज होतो आणि सगळं घर उठतं. हा आमचा भोंगा. माझ्या नोकरीच्या चौदा वर्षांत एकदाही कुणी कागदावर वेळ दिलेली नाही.

बारक्या | सोमवार, रात्री १०.११

कोळीणबायला जनसंपर्क अधिकारी नेमा. हलकेच घ्या.

जॅकवेल | मंगळवार, सकाळी ६.५०

मी एका नगरपरिषदेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालो. कुठल्या ते मीही लिहीत नाही. एकतीस वर्षांतली बरीचशी व्हॉल्वची चावी खांद्यावर टाकून काढली. त्यामुळे दुसरी बाजू थोडी सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं धरणात पाणी आहे म्हणजे नळाला यायला हवं. मधे काय काय आहे बघा. नदीकाठी किंवा धरणाखाली जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून पंपाने शुद्धीकरण केंद्रात, तिथून पुन्हा पंपाने टेकडीवरच्या टाकीत. टाकीतून मग उताराने शहरात, आणि तेही एकदम नाही, एकेका भागाचा व्हॉल्व उघडून. कोकणातलं शहर म्हणजे सपाट मैदान नव्हे. बंदर खाली, बाजार त्याच्यावर, आळ्या घाटीवर. खालच्याला धो धो, वरच्याला करंगळी. वर सगळ्यांनी नळाला थेट मोटर लावलेली, म्हणजे ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

आता रात्री दोन तास लाइट गेली. लोकांच्या लेखी दोनच तास. आमच्या लेखी पंप थांबला, चढणीची लाइन रिकामी झाली, लाइट आल्यावर ती लाइन भरायलाच वेळ, त्यानंतर टाकीत पाणी पडायला सुरुवात. टाकी पाऊण भरली तरी पहिल्या दोन भागांना पुरतं, शेवटच्याला नाही. शेवटचा भाग बहुतेक वेळा वरची आळीच असते. सुरंगीताई, तुमची साडेतीन ते साडेसहा अशी लवचीक पहाट यातून झाली आहे. कुणी मुद्दाम केलेली नाही.

मग सांगत का नाही? सांगणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. पाइप फुटला तर फिटरला माहीत, कनिष्ठ अभियंत्याला माहीत. जाहीर सूचना काढायची तर टिपणी, टिपणीवर सह्या, मग मुख्याधिकाऱ्यांची सही, तोवर पाइप जोडून होतो. आणि खरं कारण वेगळंच आहे, ते इथे प्रथमच लिहितोय. वेळ सांगितली आणि त्या वेळेला पाणी आलं नाही, तर शिव्या व्हॉल्वमनला. न सांगितलं तर शिव्या "नगरपरिषदेला". माणूस कुठलं निवडेल? आमच्या खात्यात एक वाक्य होतं: आलं की कळेल.

सुरंगी | मंगळवार, सकाळी ७.२०

जॅकवेल काका, चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला समजावून सांगितलं. एवढं पाणीपट्टीच्या बिलामागे छापलं असतं तरी मी कमी चिडले असते. मोटरचं मात्र खरं आहे. आमचीही आहे. शेजाऱ्यांनी लावली म्हणून लावली.

खारवी | मंगळवार, सकाळी ९.०२

एक कडू बोलतो. घरपट्टी मार्चच्या तीस तारखेला भरायची, तीही जप्तीची नोटीस आल्यावर. महिना दोन टक्के शास्ती लागली की माफी मागायला नगरसेवकाकडे. गटारात शहाळी आपणच टाकतो. मग पहिल्या पावसात रस्त्यावर पाणी आलं की फोटो काढून ग्रुपवर. नगरपरिषदेने सांगायला हवं हे बरोबर, पण सांगितलेलं आपण वाचतो का? नोटीस बोर्डासमोर उभा राहिलेला माणूस मी शेवटचा कधी पाहिला आठवत नाही.

पाखाडीकर | मंगळवार, सकाळी ९.३०

खारवी, शहाळ्यांबद्दल मान्य. बोर्डाबद्दल अर्धंच मान्य. आमच्या कार्यालयातला बोर्ड काचेच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे आणि काचेवर आतून ओल धरलीय. त्यावर एक निविदा आहे, ती गेल्या गणपतीपासून बघतोय.

आबोली | मंगळवार, सकाळी ११.१५

माका मालवणीतच लिवूक जमता, सांभाळून घेवा.

आमच्या वेंगुर्ल्यात कचऱ्याचा काम झाला तेव्हा माणसा घरोघरी इली आणि सांगून गेली, ओलो हय, सुको थय, काच वेगळी. आमची आवस वैतागली, म्हणाक लागली, "कचऱ्याचीय पंगत वेगळी वेगळी बसवची काय?" पण समजला तिका. मगे डेपोचाच स्वच्छ भारत पर्यटनस्थळ झाला. ओल्या कचऱ्याचो गॅस करतत, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात घालतत. आता पावणे इले की आधी सागरेश्वर, मगे बंदर आणि मगे कचरो दाखवूक नेतो. हसा नको, खरा सांगतंय.

ह्या सगळा कशाक लिवलंय, तर ता काम यंत्रांनी झाला नाय. कोणीतरी पायरेर बसान आवशीक समजावल्यान, म्हणान झाला.

बारक्या | मंगळवार, सकाळी ११.२२

आबोली +१. आमच्याकडे डेपोला पर्यटक येतात, पण ते बगळे.

डोंबिवलीचा चाकरमानी | मंगळवार, दुपारी १.४०

आमचा प्रश्न वेगळा आहे. गावच्या शहरात वडिलोपार्जित घर, वर्षातून दोनदा उघडतं, शिमग्याला आणि गणपतीला. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. आधी नोटीस येते, त्यावर हरकत घ्यायला मुदत असते, मग सुनावणी. सगळं कायद्याप्रमाणे. फक्त नोटीस बंद दाराला चिकटवली. गणपतीत आलो तेव्हा तिचा वरचा अर्धा भाग वाळवीने खाल्ला होता. उरलेल्या अर्ध्यात "विहित मुदतीत" एवढे शब्द राहिले होते. आमची पडवी, जिचे वासे बाबांनी १९७४ साली घातले, ती आता "वाढीव बांधकाम" आहे.

कार्यालयातल्या बाई चांगल्या वागल्या. म्हणाल्या, "तुम्ही कळवायचं ना पत्ता बदलल्याचं." पण पत्ता बदललेलाच नाही हो! घर तिथेच आहे, आम्ही नाही. आणि पाणीपट्टी थकली तेव्हा मात्र याच कार्यालयातून माझ्या मोबाइलवर मेसेज आला होता. म्हणजे नंबर आहे.

दहा रुपये | मंगळवार, दुपारी ३.१०

नाव वाचून कळलं असेल, मी माहितीच्या अधिकारातला माणूस. घरचे याला व्यसन म्हणतात.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ४ आहे. लोकांना कलम ६ माहीत असतं: अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. पण कलम ४ म्हणतं की कार्यालयाने रचना, कामं, कोण अधिकारी कशाला जबाबदार, निर्णय कसे होतात ही माहिती कुणी मागायच्या आधीच जाहीर करायची आणि अद्ययावत ठेवायची. सतरा बाबी आहेत. मी एका नगरपरिषदेत ही सतरा बाबींची फाइल बघायला मागितली. मिळाली, चांगली जाडजूड. त्यातले पाणीपुरवठा अभियंता वारले होते.

दुसरा कायदा २०१५ चा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. यात अधिसूचित सेवेला दिवस ठरलेले असतात, किती दिवसांत दाखला, किती दिवसांत नळजोडणी. वेळेत नाही मिळालं तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सेवा, मुदत आणि अपिलाच्या अधिकाऱ्यांची नावं कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. तो फलक आहे का, पुढच्या वेळी नक्की बघा.

पण पाखाडीकर, तुमचं दुखणं यात बसत नाही. नळजोडणी ही सेवा आहे. त्या नळाला उद्या पाणी येणार की नाही हे सांगणं कुठल्या यादीत मला सापडलेलं नाही.

देवगडी | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

आमची ग्रामपंचायत होती तेव्हा वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायलाच लागत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. भांडणं व्हायची, खुर्च्या सरकायच्या, पण सरपंचाला उभं राहून "त्या मोरीचे पैसे कुठे गेले" विचारता यायचं. आणि तो उत्तर द्यायचा, खोटं का होईना! नगरपंचायत झाली, कर वाढले, रोजगार हमी गेली, तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली. शहरात राहायला लागलो म्हणून आनंद झाला होता, तेव्हा हे कुणी सांगितलं नाही की आता उभं राहून विचारायची जागा नाही.

खारवी | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

बऱ्याच नगरपरिषदांत तर २०२१ च्या डिसेंबरात मुदत संपली ती संपलीच. आरक्षणाचा वाद कोर्टात, चार वर्षं प्रशासक. या काळात ज्यांनी प्रामाणिकपणे काम केलं ते प्रशासक मला माहीत आहेत, पण शेजारच्या म्हाताऱ्या आजीला दाखल्यासाठी कुणाकडे जायचं हे कळत नव्हतं. आता निवडून आलेले आहेत. बघू.

(याच्या पुढे पक्षावर जाऊ नका, नाहीतर धागा कुलूपबंद होईल.)

वाशिष्ठीकाठचा | मंगळवार, रात्री ११.५०

झोप येत नाही म्हणून लिहितो. तुम्ही पाण्याच्या न येण्यावर बोलताय, मी येण्यावर बोलतो.

चिपळूण, २२ जुलै २०२१. आदल्या रात्री उशिरापर्यंत ग्रुपवर फोटो येत होते. नंतर लाइट गेली, टॉवर गेले आणि सगळे ग्रुप मुके झाले. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. वडिलांनी हिशेब केला, खुणेच्या वर दोन फूट सामान चढवलं आणि निश्चिंत झाले. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं, सामानाच्याही वर गेलं. कोण चुकलं यात मी शिरत नाही, त्यावर शहरात पुष्कळ बोलून झालंय.

मला सांगायचंय ते आकड्यांबद्दल. आता पावसाळ्यात नद्यांच्या पातळीचं पत्रक रोज निघतं. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोक्याची ७ मीटर, खेडला जगबुडीचीही तीच. माहिती चोख असते. पण माझ्या आईला ५ मीटर म्हणजे काय? तिला वडनाका कळतो, चिंचनाका कळतो, बाजारपुलाचा कठडा कळतो. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणातून आमच्या वाशिष्ठीतच उतरतं, आणि दाभोळच्या खाडीला भरती असली की खाली जाणारं पाणी तुंबतं. म्हणून आम्हाला तीन गोष्टी एका दमात हव्या असतात: वरून किती येतंय, भरती किती वाजता, आणि आमच्या आळीत उंबऱ्यापर्यंत येणार की माळ्यापर्यंत. पहिल्या दोन मिळतात, वेगवेगळ्या ठिकाणी. तिसरी गल्लीतले म्हातारे सांगतात.

आणि ती मोबाइलवर नको. ज्या रात्री लागते त्या रात्री मोबाइल नसतो. भोंगा हवा, आणि एक भोंगा म्हणजे काय, तीन भोंगे म्हणजे काय, हे मे महिन्यातच शाळेतल्या पोरांना पाठ करून द्यायला हवं. पोरं घरी सांगतात.

आबोली | बुधवार, सकाळी ७.०५

वाचून काटो इलो अंगार.

जॅकवेल | बुधवार, सकाळी ७.४०

वाशिष्ठीकाठचा, "उंबऱ्यापर्यंत की माळ्यापर्यंत" हे वाक्य कार्यालयात भिंतीवर लिहून ठेवायला हवं. आम्ही कायम आमच्या मापात बोललो. "अमुक व्यासाची मुख्य वाहिनी नादुरुस्त झाल्याने पाणीपुरवठा अनियमित राहील." अनियमित म्हणजे किती, ते आम्हालाही माहीत नसायचं.

पाखाडीकर, एक उपाय सुचवतो. व्हॉल्वमन रोज दहा-बारा जणांना फोनवर वेळ सांगतच असतो. डॉक्टर, खानावळवाला, नगरसेवकाची बहीण. माहिती असते, वाटणी फक्त ओळखीवर होते. त्याने तेरावा फोन तुम्हाला करावा आणि तुम्ही ते कुठेतरी लिहावं. त्याच्या नावाने नव्हे, तुमच्या. म्हणजे चुकलं तर शिव्या तुम्हाला.

बारक्या | बुधवार, सकाळी ७.४४

काकांनी निवृत्तीनंतरही शिव्यांचा व्हॉल्व दुसऱ्याच्या दिशेने फिरवला.

पाखाडीकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.२०

धागा वर काढतोय. सांगण्यासारखं थोडं घडलंय.

जॅकवेल काकांचं ऐकून व्हॉल्वमनला चहाला बोलावलं. तिशीतला मुलगा, ठेकेदारामार्फत लागलेला. आधी बिचकला. म्हणाला, "साहेब ओरडतील." मी म्हटलं, तू फक्त रात्री आठला मला सांग. तिठ्यावरच्या पानवाल्याने शाळेतून निकामी झालेला फळा आणून दिला. त्यावर रोज रात्री मी लिहितो: खालची आळी, बाजार, पाखाडी, वरची आळी, आणि समोर वेळ.

पहिले चार दिवस बरोबर आलं. पाचव्या दिवशी रात्री लाइट गेली आणि वरच्या आळीला सकाळी नऊपर्यंत थेंब नाही. साडेनऊला एक गृहस्थ घरी येऊन मला यथेच्छ बोलले. जॅकवेल काका, आता तुमचं "आलं की कळेल" मला आतून समजलं! त्या रात्री फळा लिहायला जावंसं वाटेना. गेलो. वेळेच्या खाली एक ओळ वाढवली, "लाइट गेल्यास वरची आळी दोन तास उशिरा." ती तेव्हापासून पुसलेली नाही.

कार्यालयातून कुणी ओरडलं नाही. उलट एक कारकून परवा फळ्याचा फोटो काढताना दिसला. कशासाठी ते विचारलं नाही. नगरसेवकांनी तोच फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली स्वतःचं नाव घालून. बायको चिडली, मी नाही. ग्रुपात नसलेल्यांसाठी फळा आहेच.

चाकरमानी, तुमच्या पडवीचं काय झालं?

डोंबिवलीचा चाकरमानी | रविवार, दुपारी १२.१५

अर्ज दिलाय, पोच घेतलीय. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, दाराला काही चिकटलं तर वाळवीच्या आधी फोटो काढा.

सुरंगी | रविवार, दुपारी १२.४०

पाखाडीकर काका, आमच्या आळीत पण फळा करायचा विचार आहे. पण पाऊस तोंडावर आलाय. खडू राहणार कसा? आमच्या तिठ्याला पत्राही नाही.

जॅकवेल | रविवार, दुपारी १.०५

खडू नको. पांढरा ऑइल पेंट घ्या, आळ्यांची नावं कायमची रंगवा. वेळेच्या जागी टिनाचे आकडे अडकवा, आम्ही पंपहाउसला तसेच वापरायचो. खिळे पितळी घ्या, लोखंडी जुलैत गंजतात.

आबोली | रविवार, दुपारी १.३०

आणि वयर गणपतीच्या मखराचो प्लास्टिक कागद बांधा. आमच्याकडे गेल्या वर्साचो पडान आसा, होयो तर एसटीन धाडतंय.